जामीनदाराच्या सहीपासून

१९१८ चा सप्टेंबर मुंबईला जड गेला. महायुद्ध संपत आले होते, पण महागाई हटत नव्हती, आणि त्यातच इन्फ्लुएंझाची दुसरी लाट शहरात शिरली होती. ही लाट पहिलीपेक्षा कितीतरी घातक होती. त्याच महिन्याच्या १४ तारखेला काही सारस्वत गृहस्थांनी एकत्र येऊन एक सहकारी पतसंस्था काढली. जे. के. परुळकर अध्यक्ष, एन. बी. ठाकूर उपाध्यक्ष, पी. एन. वर्दे चिटणीस आणि शिवराम गोपाळ राजाध्यक्ष खजिनदार झाले. मनसुबे फार मोठे नव्हते. घरातल्या कुणाचे लग्न, डोक्यावरचे जुने देणे, आजारपण, अशा नडीच्या वेळी ज्ञातिबांधवाला सावकाराचे दार ठोठवावे लागू नये, इतकेच. तीच संस्था आज देशातली सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक आहे आणि तिचा एकूण व्यवसाय ९० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. सारस्वत बँकेची ही वाटचाल समजून घ्यायची तर तिच्या पुढेमागे निघालेल्या, तिच्यासारख्याच कारणांनी उभ्या राहिलेल्या आणि पुढे बुडालेल्या बँकांकडेही पाहावे लागते.

सारस्वत ही या रांगेतली पहिली नव्हे. बडोदा संस्थानात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली. तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो आला १९०४ मध्ये आणि दोनच वर्षांत त्याला फळे धरली. १९०६ च्या जानेवारीत पुण्यात कॉसमॉस निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी मुंबईत आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने पतसंस्था काढली. याच तालमकींनी पुढे गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. १९१२ मध्ये पुण्यात रुपी, १९१५ मध्ये मुंबईत चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची सीकेपी. पाट्या वाचत गेले तर ज्ञातींची यादीच हाती लागते.

आज हे खटकते, आणि खटकायलाही हवे. ज्याची ज्ञात मोठी, शिकलेली आणि पगारदार, त्याला पतसंस्था मिळाली. ज्याच्या ज्ञातीकडे शिक्षण नाही आणि पगारही नाही, तो गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभ्या असलेल्या पठाणाच्याच तावडीत राहिला. पण या रचनेमागे एक व्यवहारही होता. त्या काळच्या मोठ्या बँकांना व्यापाऱ्याची हुंडी कळे, मालाची पावती कळे. तीस-चाळीस रुपये पगाराच्या कारकुनाकडे तारण म्हणून ठेवण्यासारखे काहीच नसे. त्याच्याकडे होती ती ओळख. अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या लागत. ते दोघे त्याच चाळीतले, त्याच कचेरीतले किंवा सोयरिकीतले असत. हप्ता चुकला की नोटीस निघण्याआधी जामीनदार घरी येई, आणि कर्ज घेणाऱ्याला त्याच माणसाशेजारी पुढच्या लग्नात पंगतीला बसायचे असे. वसुलीची याहून स्वस्त यंत्रणा कोणत्याही बँकेला साधलेली नाही.

१९३३ मध्ये सारस्वतची सोसायटी पूर्ण अर्थाने नागरी सहकारी बँक झाली. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत अशा बँकांचे एक वेगळे जग तयार झाले. शाखा सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळांना उघडी, म्हणजे नोकरदाराला रजा टाकायला नको. खिडकीपलीकडचा कॅशियर खातेदाराला नावाने ओळखणारा, सोनेतारणासाठी गावातलाच सराफ, दुकानादुकानातून रोजची रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट. पिग्मीची कल्पना मुळात उडुपीची. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने ती काढली आणि सहकारी बँकांनी ती अशी उचलली की महाराष्ट्रातल्या कित्येकांना ती इथलीच वाटते. भाजीवाली असो की पानटपरीवाला, दिवसाच्या गल्ल्यातले दोन-पाच रुपये बाजूला पडत आणि वर्षाअखेरीला त्याची रक्कम होई. वार्षिक सर्वसाधारण सभा तर घरच्या कार्यासारखी. लाभांश किती टक्के, यावरून खडाजंगी, ताळेबंदावर एखाद्या निवृत्त हिशेबतपासनिसाची उलटतपासणी आणि शेवटी बटाटेवडा. त्या हिशेबतपासनिसाला कंटाळून अनेक संचालक कपाळाला हात लावत असतील. ठेवीदारांच्या दृष्टीने मात्र तो बँकेतला सर्वांत उपयोगी माणूस होता.

कायदा या जगात उशिरा आला. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या, पण अर्ध्याच. संचालक मंडळ, निवडणुका, हिशेबतपासणी, अवसायन हे सगळे राज्याच्या सहकार निबंधकाकडे, आणि बँकिंगचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे. या दुहेरी अमलाला पुढची पन्नास वर्षे सगळेच नावे ठेवत राहिले. बँक अडचणीत आली की एक यंत्रणा दुसरीकडे बोट दाखवी. ठेवींना विम्याचे छत्र १९७१ मध्ये मिळाले, तेही सुरुवातीला १० हजार रुपयांपर्यंतच.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सरकारी बँकांच्या शाखा गावोगाव निघाल्या. तेव्हा नागरी बँका आपोआप आटतील असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. सरकारी बँकेतला साहेब दर तीन वर्षांनी बदलत होता, आणि सहकारी बँकेतला कॅशियर निवृत्त होईपर्यंत त्याच खिडकीत होता. सारस्वतने मात्र केवळ आपुलकीवर भिस्त ठेवली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस परकीय चलनाच्या व्यवहाराचा परवाना मिळवला, १९८८ मध्ये ती अनुसूचित बँक झाली. ज्ञातीचे नाव पाटीवर राहिले, पण ठेवीदार आणि कर्जदार केव्हाच सगळ्या थरांतून आलेले होते.

मग १९९३ आले. मराठे समितीच्या शिफारशीनंतर परवान्याचे दार सैल झाले आणि नव्या बँकांची रीघ लागली. २००४ च्या मार्चअखेर देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या, आणि त्यांतला फार मोठा वाटा महाराष्ट्राचा. त्यांतल्या काही खरोखर गरजेतून निघाल्या. काही मात्र अशा निघाल्या की साखर कारखाना झाला, शिक्षणसंस्था झाली, आता बँक राहिली. अशा ठिकाणी ओळखीचा अर्थच उलटा झाला. पूर्वी कर्जदाराला जामीनदार ओळखत असे. आता कर्जदार अध्यक्षाला ओळखत होता. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जापायी कोसळली. तिच्यात पैसे ठेवलेल्या इतर लहान सहकारी बँकाही तिच्यासोबत अडकल्या. त्यानंतर २००४ पासून नवे परवाने बंद झाले, आणि संख्या जी उतरू लागली ती आज दीड हजाराच्या आत आली आहे.

या उतरणीत सारस्वतने एक वेगळीच भूमिका घेतली. तेव्हा एकनाथ ठाकूर अध्यक्ष होते. बँकांच्या भरती परीक्षांची तयारी करून घेणारी नॅशनल स्कूल ऑफ बँकिंग काढून त्यांनी मराठी मुलांच्या एका अख्ख्या पिढीला बँकेच्या नोकरीची वाट दाखवली होती. अडचणीतल्या बँका पोटात घेण्याचा सपाटा त्यांच्या काळात लागला. मराठा मंदिर, मांडवी, सांगलीची अण्णासाहेब कराळे जनता, नाशिक पीपल्स, कोल्हापूर मराठा अशा सात बँका सारस्वतमध्ये विलीन झाल्या. अशा व्यवहारात फुकट काही मिळत नाही. बुडीत कर्जे अंगावर येतात, कर्मचारी सामावून घ्यावे लागतात आणि घेतलेला तोटा वर्षानुवर्षे फेडत बसावे लागते. त्याच्या बदल्यात शाखा मिळतात आणि पूर्वी पाऊल नव्हते अशी गावे मिळतात. ठाकूर २०१४ मध्ये गेले; विलीनीकरणाची ती सवय बँकेत टिकली.

सगळ्याच जुन्या बँका अशा सावरल्या नाहीत. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. मधल्या साडेनऊ वर्षांत किती ठेवीदार आपल्याच पैशांसाठी अर्ज घेऊन फिरले असतील! त्यांतले बहुतेक निवृत्त, आणि पुण्यातल्या पेठांमध्ये आयुष्य काढलेले. सीकेपी बँकेवर २०१४ पासून निर्बंध होते. ३० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन मध्यात, तिचा परवाना रद्द झाला. शंभरी ओलांडलेली, सारस्वतसारखीच ज्ञातीच्या नावाने निघालेली ही बँक. दोघींची सुरुवात सारखी आणि शेवट इतका निराळा, याचे कारण नावात किंवा वयात सापडत नाही. ते कर्जवाटपात सापडते. कर्ज किती जणांत वाटले आणि किती थोड्यांच्या हाती एकवटले, यावर बहुतेक सगळे ठरत गेले.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेने हे अगदी उघडे करून दाखवले. १९८४ मध्ये शीवच्या एका लहानशा खोलीत सुरू झालेली ही बँक २०१९ पर्यंत १३७ शाखांची आणि ११ हजार कोटींहून अधिक ठेवींची झाली होती. लेखापरीक्षण ठीकठाक, लाभांश नियमित. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि खातेदारांना कळले की पुढच्या सहा महिन्यांत आपल्या खात्यातून एकूण १,००० रुपये काढता येतील. ही मर्यादा नंतर १० हजार, २५ हजार, ४० हजार अशी वाढत गेली. आतला प्रकार असा होता की, सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते, आणि ते तपासनिसांच्या नजरेस पडू नये म्हणून २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली होती. रिक्षाचालक, गुरुद्वाऱ्याचे सेवेकरी, लहान दुकानदार, पेन्शनर असे सगळे शाखांच्या दारात उभे होते. ठेवींचा विमा तेव्हा १ लाख रुपयांचा होता, १९९३ पासून तेवढाच.

त्या संतापाचा परिणाम कायद्यावर झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा ५ लाख रुपये झाली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन संचालक मंडळापर्यंत रिझर्व्ह बँकेचा हात पोहोचला आणि दुहेरी अंमल बराचसा संपला. एका कर्जदाराला किती कर्ज द्यायचे याची मर्यादा आवळली गेली, आणि निम्मे कर्ज लहान रकमांचेच असले पाहिजे असे बंधन आले. म्हणजे १९१८ मध्ये जे आपसूक होत होते, ते आता परिपत्रक काढून करून घ्यावे लागले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची सोय केली. रुपीच्या काळात ती असती तर पेठांमधली बरीच तगमग वाचली असती.

पुण्याच्या कॉसमॉसचे संकट वेगळ्या दारातून आले. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी तिच्या कार्डांच्या यंत्रणेसारखीच खोटी यंत्रणा उभी करून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले, आणि सोमवारी हाँगकाँगकडे आणखी रक्कम वळवली गेली. एकूण फटका ९४ कोटींचा. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही, तोटा बँकेने सोसला. पाच वर्षांनी त्याच कॉसमॉसने मुंबईची मराठा सहकारी बँक आपल्यात सामावून घेतली. ज्या बँकेचे कर्ज पसरलेले आणि गंगाजळी भरलेली असते, ती चोरीतून उठते. आतूनच पोखरलेल्या बँकेला तो मार्ग नसतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईकरांना पुन्हा तेच दृश्य दिसले. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ तारखेला निर्बंध आले. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटींची रोकड गायब असल्याचे उघडकीला आले. ताळेबंदावर रोकड होती, तिजोरीत नव्हती. ही जॉर्ज फर्नांडिसांनी १९६८ मध्ये कामगारांसाठी काढलेली बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक. ठेवीदार पुन्हा रांगेत होते, पण या वेळी सहा महिन्यांच्या आत वाट निघाली. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती सारस्वतमध्ये विलीन झाली आणि तिच्या शाखा सारस्वतच्या पाटीखाली उघडल्या.

इतक्या सुधारणांनंतरही एक गोष्ट सुटलेली नाही. पीएमसी जेव्हा २०२२ च्या जानेवारीत युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली, तेव्हा साध्या ठेवीदारांना ५ लाखांपर्यंतची रक्कम आधी आणि उरलेली दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याचे ठरले. संस्थांच्या ठेवींना मात्र वेगळा न्याय लागला. विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के रक्कम वर्षाला एक टक्का लाभांश देणाऱ्या अग्रहक्क समभागांत बदलली गेली, बाकीच्याचे शेअर वॉरंट झाले. या ‘संस्थां’मध्ये मोठ्या कंपन्या थोड्या, सहकारी गृहनिर्माण सोसायट्या आणि लहान पतपेढ्या पुष्कळ. इमारतीच्या दुरुस्तीसाठी चाळीस-पन्नास कुटुंबांनी वर्षानुवर्षे साठवलेला निधी एका सहीने समभाग होऊन बसला. कायद्याच्या लेखी सोसायटी हा एकच ठेवीदार आहे, त्यामुळे चाळीस घरांच्या निधीला मिळून विमाही ५ लाखांचाच. मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या सोसायट्यांचे खजिनदार तेव्हापासून एकच मोठी मुदत ठेव न करता ती तीन-चार बँकांत फोडून ठेवतात, आणि सभेत कुणी विचारले की आधी त्या बँकांची नावे वाचून दाखवतात.