पांघरुणांत काय भरावें?

पौषाची थंडी पडूं लागली म्हणजे चिंचपाड्याच्या आसपास घरोघरीं जुन्या गोधड्या उन्हांत पडतात, आणि नवी रजई भरून घ्यावी कीं बाजारांतून तयार आणावी, असा विचार सुरू होतो. मुलें वसतिगृहांत ठेवणाऱ्या आईबापांपुढें तर हा प्रश्न विशेष असतो. रजई घेतांना आपण कापड, रंग, नक्षी हें सारें पाहतों. आंत काय भरलें आहे याची विचारपूस मात्र क्वचितच करितों.

वास्तविक पाहतां ऊब कापसाची नव्हे व लोंकरीचीही नव्हे. तंतूंच्या फटींत अडकून राहिलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच त्यांतलें रहस्य आहे. म्हणून जें भरण दाबून सोडिलें असतां पुन्हां फुगतें तें चांगलें. जें चेपून बसतें तें अंगावर ओझें होतें, ऊब देत नाहीं.

आमचा खानदेश कापसाचा मुलूख. पूर्वीं येथें सर्वत्र पिकणारा देशी कापूस आंखूड व जाड धाग्याचा असे. गिरणीवाल्यांस तो हलका वाटे, परंतु रजईस तोच उत्तम. जाड तंतू ताठ असतो, लवकर बसत नाहीं. पुढें लांब धाग्याच्या संकरित वाणांनीं, आणि २००२ सालीं परवानगी मिळाल्यावर बीटी वाणांनीं, त्याची जागा घेतली. त्यांची रुई मऊ खरी, पण तिला वरचेवर पिंजावें लागतें. कोणतीही रुई असो, तींत सरकीचे तुकडे व पाचोळा नसावा. एकट्याच्या रजईस दीड ते दोन किलो रुई पुरते. पिंजाऱ्याकडून ती आपल्या देखत भरून घ्यावी, आणि टाके चार बोटांहून दूर घालूं देऊं नयेत. नाहींतर सारी रुई एका कोपऱ्यांत गोळा होते.

आमच्या रानांत काटेसावरीचीं बोंडें उन्हाळ्यांत फुटतात. फुकट मिळणारा हा कापूस रजईंत भरावा असें कोणासही वाटेल. परंतु त्याचा तंतू गुळगुळीत, आंतून पोकळ व मेणचट असतो. ते एकमेकांस धरीत नाहींत, म्हणून रजईंत तो घसरत राहतो. उशीस मात्र त्याच्यासारखा हलका कापूस नाहीं. ठिणगीस तो फार लवकर पेट घेतो, हें ध्यानांत असावें.

बाजारच्या फुगीर, चकचकीत रजयांत बहुधा पॉलिएस्टर असतें. तें हलकें असतें, धुतां येतें व लवकर वाळतें. हे गुण आम्ही नाकारीत नाहीं. पण तें घाम शोषीत नाहीं, आणि ज्या घरांत थंडींत चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ निजतात तेथें तें फार धोक्याचें आहे. कापूस जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून कातडीस चिकटतें व जखम खोल करितें. याचा अर्थ कापूस निर्धोक असा नव्हे: ठिणगी आंत शिरली तर तो धुमसत राहतो. म्हणून पांघरूण कोणतेंही असो, विस्तवापासून तें दूरच हवें. भरण ओळखावयाचें असल्यास मोठ्या माणसानें अंगणांत चिमटीएवढें चिमट्यांत धरून पेटवावें. कापसास कागद जळल्याचा वास येऊन मऊ राख उरते, लोंकरीस केंस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टरचा काळा, टणक मणी होतो.

राहिली गोधडी. नव्या रजईपुढें हिला गरिबाचें पांघरूण समजतात, हें आम्हांस मुळींच पटत नाहीं. रुईची रजई धुतली कीं आंत गोळे होतात. जुन्या सुती लुगड्यांचे व धोतरांचे थर घालून शिवलेली गोधडी मात्र नदीवर आपटून धुतां येते. तान्ह्या मुलाच्या अंथरुणास व आजाऱ्यास हिच्यावांचून दुसरें सोईचें नाहीं. मात्र थर सुतीच असावे. नायलॉनच्या साड्यांची गोधडी घाम शोषीत नाहीं, आणि विस्तवाजवळ ती पॉलिएस्टरप्रमाणेंच वितळते. नवापूर तालुक्यांत पाऊस धो धो पडतो, जाड पांघरूण आठवडाभर वाळत नाहीं व त्यास बुरशी धरते. यासाठीं पावसाळ्यापुरती गोधडी पातळ, दोन-तीन थरांचीच शिवावी. रजईस वरून सुटी सुती खोळ घालावी, म्हणजे खोळ तेवढी धुवून भागतें. आणि रजई दिवाळीच्या सुमारास दोन-तीन दिवस कडक उन्हांत पालथी-उताणी करून वाळवावी.