आधी खेळ ठरवावा, मग कार्ड

परीक्षांचे निकाल लागले की हल्ली पुष्कळ घरांत एक नवी मागणी पुढे येते. पूर्वी मुलगा सायकल मागे, मनगटी घड्याळ मागे; आता तो खेळ खेळता येतील असा कॉम्प्युटर मागतो आणि त्यात अमुकच ग्राफिक्स कार्ड हवे असा हट्ट धरतो. त्या नावातले एक अक्षरही बापाला उमगत नाही. आई हिशेबाची वही घेऊन बसते आणि पाहते तो काय, साऱ्या यंत्राच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा बहुधा त्या एकट्या कार्डाचाच! अशा वेळी काही आईबाप 'हे खूळ आमच्या घरी नको' म्हणून विषय मिटवतात, तर काही दुकानदार देईल ते मुकाट्याने घेऊन येतात. पहिल्या प्रकारात लेकराचे मन दुखावते, दुसऱ्यात घामाचा पैसा जातो. वास्तविक ही निवड आईबाप व मूल यांनी एकत्र बसून करण्याजोगी आहे, आणि ती वाटते तितकी अवघडही नाही.

कार्डाचे काम

सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. खेळाचे तसे नसते. खेळणारा कोणीकडे वळेल हे कोणास ठाऊक? म्हणून पडद्यावरचे प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते, आणि हालचाल सलग दिसण्यासाठी सेकंदाला साठएक चित्रे लागतात. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो भाताच्या लावणीला एकट्याने उतरलेल्या कसबी शेतकऱ्यासारखा आहे. ग्राफिक्स कार्डात शेकडो, हजारो लहान गणक एकाच वेळी एकाच प्रकारची गणिते करतात. जणू सारी वाडी एका शेतात लावणीला उतरावी. 'जीपीयू' हे नाव एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' या कार्डाच्या वेळी लोकप्रिय केले. आज एनव्हिडिया, एएमडी आणि २०२२ पासून इंटेल, अशा तीन कंपन्यांची कार्डे खेळांसाठी बाजारात दिसतात.

पडद्याचे माप

पहिला प्रश्न पडद्याचा. पडदा बारीक चित्रबिंदूंचा बनलेला असतो. १९२० बाय १०८० मापाच्या साध्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००. आणि ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे साध्याच्या बरोबर चौपट. चौपट बिंदू रंगवायचे तर कार्डही तसेच बलवान हवे. उलट घरचा पडदा साधा असेल आणि तो सेकंदाला ६० च चित्रे दाखवीत असेल, तर दीडशे चित्रे काढणाऱ्या कार्डाची बहुतेक ताकद वायाच जाते. पावशेर दुधासाठी कोणी हंडा विकत घेत नाही.

खेळ कोणते?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. 'माइनक्राफ्ट' किंवा 'व्हॅलोरंट' यांसारख्या खेळांना मोठे कार्ड लागत नाही. एएमडीच्या 'रायझन ५ ८६००जी' सारख्या प्रोसेसरात चित्रे काढण्याची सोय अंगभूतच असते. तेवढ्यावर असे हलके खेळ चालतात आणि निराळे कार्ड घ्यावेच लागत नाही. याउलट २०२० साली निघालेला 'सायबरपंक २०७७' हा खेळ भल्याभल्या कार्डांना घाम फोडतो. पण युरोपातील वयोनिर्देश मंडळाने त्याच खेळावर '१८' हा शिक्का मारला आहे, हेही ध्यानात असावे. महागडे कार्ड मागणारे खेळ पुष्कळदा प्रौढांसाठी केलेले असतात. म्हणून मुलाने हव्या त्या खेळांची यादी लिहून आणावी, आईबापांनी प्रत्येकाचा वयोनिर्देश पाहावा आणि यादी दोघांच्या संमतीने पक्की करावी. प्रत्येक खेळाचे निर्माते त्याला किमान व योग्य कार्ड कोणते ते जाहीर करतात. यादीतल्या सर्वांत जड खेळाला जे पुरेल, तेच आपले कार्ड.

नावाला भुलू नये

कार्डावरचे आकडे फसवे असतात. २०१६ साली 'जीटीएक्स १०६०' या एकाच नावाने ३ जीबी आणि ६ जीबी स्मृतीची दोन कार्डे निघाली. फरक केवळ स्मृतीचा असेल असे गिऱ्हाइकाला वाटे; प्रत्यक्षात पहिल्यात ११५२ गणक होते, दुसऱ्यात १२८०. सप्टेंबर २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०८०' या नावाची दोन असमान कार्डे जाहीर झाली. टीका इतकी झाली की पुढच्याच महिन्यात कंपनीने त्यांतले धाकटे मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये 'आरटीएक्स ४०७० टीआय' या नावाने ते विकले.

स्मृती अधिक म्हणजे कार्ड उत्तम, हेही सर्वस्वी खरे नाही. 'आरटीएक्स ३०६०' आणि 'आरटीएक्स ४०७०' या दोन्हींत १२ जीबी स्मृती आहे, पण वेगात दुसरे पुष्कळ पुढे. मात्र स्मृती अपुरी पडली की वेगवान कार्डही अडखळते. नव्या जड खेळांना ८ जीबी अनेकदा अपुरी पडते. असे खेळ खेळायचेच असतील तर १२ जीबी किंवा अधिक स्मृतीचे कार्ड पाहावे.

विजेचा हिशेब

आपल्या खेड्यांतून वीज येते, जाते, कमीजास्त होते. म्हणून कार्डाची वॉटेज विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून निराळी तार द्यावी लागते. 'आरटीएक्स ४०६०' ला ११५ वॉट लागतात, 'आरटीएक्स ४०९०' ला ४५०. रोज दोन तास पूर्ण जोराने चालल्यास महिन्याला पहिले सुमारे ७ युनिटे खाईल, दुसरे २७. घरात सामान्यतः असणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास भार पेलतो. मोठे कार्ड लावताच तो निकामी ठरेल आणि नव्या यूपीएसचा व पॉवर सप्लायचा खर्च वाढेल. कार्डाची लांबीही मोजावी. काही कार्डे ३०० मिलिमीटरहून लांब असतात आणि लहान कॅबिनेटात मावत नाहीत. शिवाय प्रोसेसर जुना व मंद असेल तर नवे कार्ड त्याची वाट पाहत बसेल.

जुने कार्ड घ्यावे काय?

हरकत नाही, पण पारखून. एके काळी इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस राबवीत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, ते काम संपले आणि वापरलेली कार्डे ढिगांनी बाजारात आली. जुने कार्ड घेताना ते अर्धा तास तरी जड खेळावर चालवून पाहावे. पंख्याचा आवाज, तापमान आणि पडद्यावरचे डाग तपासावेत. मूळ बिल आणि अनुक्रमांक जुळवून घ्यावेत. बिल नसेल तर सौदा सोडावा. नवे घेतले तरी बिल जपून ठेवावे, कारण हमीच्या काळात तेच कामी येते. आणि बसवल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावावी. नाहीतर महागडे कार्ड आत नुसते बसून राहील.

कार्ड घरी आल्यावर

पोप बेनेडिक्ट १६ वे यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात हिंसेचा गौरव करणाऱ्या व्हिडिओ खेळांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला होता. म्हणून खेळच वर्ज्य मानावेत काय? ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ १४ वे यांनी ज्यांना संतपद दिले, ते कार्लो आकुतिस कॉम्प्युटरचे मोठे जाणकार होते. ख्रिस्तशरीराशी संबंधित चमत्कारांची माहिती त्यांनी याच साधनाने जगापुढे मांडली. त्यांनाही व्हिडिओ खेळ आवडत. पण आठवड्याला एक तास, एवढीच मर्यादा त्यांनी आपली आपणच घालून घेतली होती, असे सांगतात. २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी ते प्रभूघरी गेले.

त्यांचा एक तास सर्वांना जमेलच असे नाही. पण मुलाने स्वतःहून वेळ ठरवावी, आईबापांनी ती मान्य करावी आणि यंत्र बंद खोलीत न ठेवता माणसांच्या वावरात ठेवावे, एवढे कोणत्याही घरी साधण्यासारखे आहे. खेळांची यादी, पडद्याचे माप, विजेची सोय आणि घरची ऐपत या चार गोष्टी एका कागदावर लिहून मग दुकानाची पायरी चढावी. त्या कागदावर बाप आणि लेक दोघांचेही हस्ताक्षर असले, तर पुढे कार्डावरून घरात वाद होण्याचे कारण उरणार नाही.