शी-शूची शिकवण आणि मुलाचा वापसा

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की घराघरांत एकच चर्चा सुरू होते: याचा डायपर कधी सोडवायचा? आजी म्हणते, आमची मुलं वर्षाच्या आत सांगायला लागली होती. डॉक्टर म्हणतात, घाई नको. नर्सरीवाले विचारतात, शू आली की सांगतो ना? सगळा हिशेब महिन्यांचा. पण महिने मोजून हा प्रश्न सुटत नाही, आणि याचा पुरावा ऐंशीहून अधिक वर्षं आपल्यासमोर आहे. न्यू यॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये संशोधन करणाऱ्या मर्टल मॅकग्रॉ यांनी तो १९४० साली मांडला. त्या काळात अमेरिकन सरकारची मातांसाठीची पुस्तिका तान्ह्या बाळालाच घड्याळ लावून भांड्यावर धरायला सांगत असे. मॅकग्रॉंनी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला तान्हेपणापासून नेमाने भांड्यावर बसवलं, दुसऱ्याला बरेच महिने त्या भानगडीत पाडलंच नाही. नंतर दुसऱ्याची शिकवणी सुरू झाली आणि तो थोड्याच काळात भावाच्या बरोबरीला आला. वंश एक, वय एक, फरक फक्त शिकवणीचा. इतका स्वच्छ प्रयोग बालविकासाच्या शास्त्रात क्वचित सापडतो. तरी आज या विषयात पहिलं नाव घेतलं जातं ते बालरोगतज्ज्ञ बेरी ब्राझेल्टन यांचं. मॅसॅच्युसेट्समधल्या ११७० मुलांच्या नोंदींवरून त्यांनी १९६२ मध्ये ‘मुलाच्या कलाने घ्या’ असं सांगितलं. सल्ला उत्तम होता, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तो मॅकग्रॉंकडे होता, आणि हे श्रेय त्यांना मिळायला हवं.

जोड्या मोजक्याच होत्या, असा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर झुरिकमधून मिळालं. रेमो लार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन पिढ्यांची तुलना १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. पन्नाशीच्या दशकातली जवळपास सगळी मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच भांड्यावर बसवली गेली होती. पुढच्या पिढीत ही सुरुवात बरीच लांबली. पण शी-शूवर ताबा येण्याचं वय जवळजवळ तेच राहिलं. कारण मज्जासंस्थेत आहे. मूत्राशय रिकामं करण्याची आज्ञा मेंदूच्या बुंध्यातल्या एका छोट्या केंद्रातून सुटते. लंडनच्या बॅरिंग्टन यांनी ते १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. या केंद्राला ‘आत्ता थांब’ असं बजावणारा वरचा मेंदू मात्र सावकाश पिकतो, आणि ते पिकणं भांड्यावर जास्त वेळा बसवल्याने लवकर होत नाही.

मुलाच्या या तयारीला शेतकरी वापसा म्हणेल, म्हणजे मशागतीजोगी ओल. पाऊस पडल्या पडल्या रानात औत घातलं तर चिखल तुडवला जातो आणि ढेकळं होतात. फार दिवस थांबलं तर ओल उडून जाते. म्हणून तो पंचांग बघून थांबत नाही, माती मुठीत घेऊन बघतो. मुलाचा वापसाही असाच बघावा लागतो. दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते का, खेळता खेळता ते थबकतं किंवा कोपऱ्यात जातं का, ओलं झाल्यावर कुरकुरतं का, ‘चप्पल आण’ म्हटलं की आणतं का, चड्डी स्वतः खाली ओढू बघतं का. पण ही परीक्षेची प्रश्नपत्रिका नव्हे. बेल्जियमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये वैद्यकीय लिखाण चाळलं तेव्हा अशी एकवीस लक्षणं सापडली, आणि त्यांतली नेमकी कोणती व किती हवीत यावर एकमत नव्हतं. चार-पाच खुणा एकत्र दिसू लागल्या की सुरुवात करावी, हे माझं मत.

मग आजी चुकीचं सांगते का? नाही. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजात बाळाला पहिल्या काही आठवड्यांपासून ठरावीक पद्धतीने धरतात, आवाज काढतात, आणि पाच-सहा महिन्यांत बाळ त्या इशाऱ्याला साथ देतं, अशी नोंद १९७७ मध्ये झाली. आपल्याकडे पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करतात तेही याच जातीचं. मात्र तिथे खूण ओळखणारी, वेळ साधणारी मोठी बाई सतत जवळ असते. वेळ सांभाळते ती. बाळ साथ देतं. स्वतःहून धरून ठेवणं, सांगणं, जाणं ही निराळी पायरी आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ‘थांबा’ हा सल्ला डायपर कंपन्यांच्या सोयीचा नाही का? आहे. ब्राझेल्टन स्वतः १९९८ मध्ये मोठ्या मापाच्या पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले, आणि ते त्यांनी करायला नको होतं. पण जाहिरातीमुळे झुरिकचे आकडे बदलत नाहीत. फिलाडेल्फियातल्या २००३ च्या अभ्यासातही सव्वादोन वर्षांच्या आत नेटाने शिकवणी घेऊन काम लवकर उरकलं नाही. लवकर सुरुवात म्हणजे लांबलेली शिकवणी, एवढंच. इजा मात्र त्यात दिसली नाही, त्यामुळे ज्यांना हौस आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही.

सुरुवात करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्यावर उपचार करावेत, कारण शी करताना दुखलं की मूल ती धरून ठेवू लागतं. रात्रीचा कोरडेपणा हा वेगळा विषय आहे, त्याची शिकवणी होत नाही. आणि नर्सरी चालवणाऱ्यांना एक विनंती. मिलवॉकीच्या २००२ च्या अभ्यासात दिवसभर कोरडं राहण्याचं मधलं वय मुलींचं साधारण साडेबत्तीस महिने आणि मुलग्यांचं पस्तीस महिने निघालं. म्हणजे तीन वर्षांच्या उंबरठ्यावर निम्म्याच्या आसपास मुलगे अजून शिकतच असतात. त्यांचा प्रवेश अडवू नका. दप्तरात दोन जास्तीच्या चड्ड्या ठेवायला सांगा.