उघड्या रस्त्यावरचा बंद बोगदा

समजा, तुमच्या शाळेच्या गच्चीवर एक छोटे हवामान केंद्र आहे. तापमान, आर्द्रता आणि पाऊस मोजणारी उपकरणे खाली प्रयोगशाळेतल्या एका संगणकाला जोडलेली आहेत. तो संगणक दर दहा मिनिटांची नोंद एका पानावर मांडतो. दिवाळीची सुट्टी लागली, शाळेला कुलूप लागले, आणि नेमका परतीचा पाऊस सुरू झाला. नोंदी घरी बसून पाहता येतील का? शाळा आणि घर ह्यांच्यामध्ये इंटरनेट आहे, म्हणजे रस्ता तर आहे. मग अडचण कोणती?

अडचणी दोन आहेत. पहिली, हा रस्ता उघडा आहे. दुसरी, शाळेच्या जाळ्याचे फाटक बाहेरून येणाऱ्यासाठी बंद आहे. ह्या दोन्ही अडचणी एकाच युक्तीने सुटतात. ती युक्ती समजून घेण्यासाठी प्रथम फिनलंडला जाऊ.

हेलसिंकीतील चोरी

इंटरनेटवरून माहिती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो आणि तो अनेक संगणकांच्या हातून पुढे सरकतो. ह्या तुकड्याला पॅकेट म्हणतात; आपण त्याला पाकीटच म्हणू. पण पूर्वी ही पाकिटे नावापुरतीच पाकिटे होती. खरे पाहता ती पोस्टकार्डे होती! दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी टेलनेट नावाची पद्धत वापरीत. तिच्यात परवलीचा शब्दसुद्धा जसाच्या तसा, उघडा, तारेतून जाई. वाटेत कोणी कान लावून बसला, तर त्याला तो आयताच मिळे.

१९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जाळ्यात नेमके हेच घडले. कोणीतरी वाटेवर एक छुपा प्रोग्रॅम बसवला आणि हजारो परवलीचे शब्द गोळा केले. तेथे काम करणाऱ्या तातू युलोनेन ह्या संशोधकाने ठरवले की, चोराला शोधत बसण्यापेक्षा चोरण्यासारखे काही उरणारच नाही असे करावे. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम जुलै १९९५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याचे नाव सिक्युअर शेल, थोडक्यात एसएसएच. शेल म्हणजे आपल्या आज्ञा ऐकून संगणकाकडून काम करवून घेणारा प्रोग्रॅम. आणि सिक्युअर म्हणजे सुरक्षित. त्या वर्षाच्या अखेरीस त्याचे सुमारे २०,००० वापरणारे झाले असा अंदाज आहे.

एसएसएचमध्ये पाकीट निघण्यापूर्वीच त्यातला मजकूर कूटलिपीत जातो. वाटेतला माणूस ते उचलू शकतो, पण वाचू शकत नाही.

चोरासमोर ठरवलेले गुपित

येथे तुम्ही विचाराल, ‘कूटलिपीला किल्ली लागते. ती किल्ली दुसऱ्या टोकाला कळवायची तर त्याच उघड्या रस्त्याने ना? मग चोरालाही ती कळणारच!’ शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्यांनी प्रसिद्ध केले. ते आपण कागद-पेन्सिलने करून पाहू.

तुम्ही आणि तुमची मैत्रीण सर्वांदेखत दोन संख्या ठरवा : ५ आणि २३. आता तुम्ही मनात ३ ही संख्या धरा. मैत्रिणीने मनात ७ धरली आहे. ह्या दोन संख्या कोणालाही सांगायच्या नाहीत.

तुम्ही ५ चा तिसरा घात काढा : १२५. त्याला २३ ने भागा. बाकी १० उरते. ती मोठ्याने सांगा. मैत्रीण ५ चा सातवा घात काढील : ७८,१२५. त्याला २३ ने भागल्यास बाकी १७. तीही मोठ्याने सांगेल.

आता तुम्ही तिच्या १७ चा तिसरा घात काढा : ४,९१३. २३ ने भागल्यावर बाकी १४. ती तुमच्या १० चा सातवा घात काढील, म्हणजे एक कोटी! त्याला २३ ने भागून पाहा. बाकी १४! दोघांजवळ तीच संख्या आली आणि १४ हा आकडा कोणीही उच्चारला नव्हता. ऐकणाऱ्याजवळ ५, २३, १० आणि १७ एवढेच आहे. येथे संख्या लहान असल्यामुळे तो एकेक घात तपासून गुपित काढील. पण २३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतली तर तसे तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात राहत नाही. आज एसएसएच आपली किल्ली ह्याच तत्त्वावरच्या किंवा त्याहून सुधारलेल्या पद्धतींनी ठरवते.

दारांचे क्रमांक

पहिली अडचण सुटली. आता फाटकाचा प्रश्न. इंटरनेटवरच्या संगणकाला पत्ता असतो, पण एकाच संगणकात अनेक कामे चालू असतात. म्हणून एखाद्या मोठ्या इमारतीत खोल्यांना क्रमांक असावेत तसे त्याच्या दारांनाही क्रमांक असतात. ह्या दारांना पोर्ट म्हणतात. क्रमांक ० ते ६५,५३५ पर्यंत असतात. वेबपाने साधारणपणे ८० किंवा ४४३ वर, टेलनेट २३ वर आणि फाइली पाठवण्याची जुनी पद्धत २१ वर. २१ आणि २३ ह्यांच्यामधला २२ मोकळा होता. युलोनेनने तो एसएसएचसाठी मागितला आणि त्याला तो मिळाला.

आपल्या शाळेने फाटकावर एक संगणक ठेवला आहे. तो बाहेरच्यासाठी फक्त २२ क्रमांकाचे दार उघडे ठेवतो. हवामानाचा संगणक आतल्या बाजूला आहे आणि त्याचे पान त्याच्या ८० क्रमांकाच्या दारावर मिळते. बाहेरून तेथपर्यंत थेट वाट नाही.

घरी बसून तुम्ही एसएसएचला सांगता : ‘माझ्याच संगणकाच्या ८०८० क्रमांकाच्या दारावर जे येईल ते बोगद्यातून फाटकावरच्या संगणकाकडे ने आणि तेथून हवामान-संगणकाच्या ८० क्रमांकाच्या दारावर पोचव.’ मग ब्राउझरमध्ये दूरचा पत्ता न घालता आपल्याच संगणकाचे ८०८० क्रमांकाचे दार ठोठावायचे. की लगेच शाळेतले पान समोर! बिचाऱ्या ब्राउझरला वाटते, हे पान घरातच आहे. ह्या युक्तीला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. टपाल पुढच्या पत्त्यावर वळते करावे, तसाच हा प्रकार.

कधी फाटकावर २२ क्रमांकाचे दारही उघडे नसते. आतून बाहेर मात्र जाता येते. अशा वेळी बोगदा उलट्या बाजूने खणतात. आतला संगणक स्वतःच बाहेरच्या एका ओळखीच्या संगणकाशी जोडणी करतो आणि ती चालू ठेवतो. बाहेरच्या संगणकाच्या ठरलेल्या दारावर जे येईल ते त्या जोडणीतून आत येते.

टोके कोण सांभाळणार?

बोगदा मधल्या वाटेचे रक्षण करतो, टोकांचे नाही. हे विसरले की घात होतो.

फाटकावरच्या संगणकापासून हवामान-संगणकापर्यंतचा शेवटचा टप्पा बोगद्याबाहेर आहे. तेथे पाकीट पुन्हा पोस्टकार्ड होते. तसेच बाहेरच्याला मजकूर कळला नाही, तरी कोणते दोन संगणक, किती वेळ आणि किती माहितीची देवघेव करीत आहेत हे कळतेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वरच्या खेळात तुमच्या आणि मैत्रिणीच्या मध्ये तिसरा कोणी बसला आणि त्याने तुमच्याशी एक व तिच्याशी दुसरे गुपित ठरवले तर? दोघांनाही संशय येणार नाही! म्हणून एसएसएच पहिल्या भेटीत दूरच्या संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवते आणि विचारते, ‘हा ओळखीचा आहे का?’ पुष्कळजण न वाचताच ‘होय’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही तसे करू नका. प्रयोगशाळेच्या शिक्षकांकडून तो ठसा आधीच लिहून घ्या आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला तर थांबा. कदाचित संगणक नवा बसवला असेल, कदाचित मध्ये कोणी बसले असेल. विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही.

आणि तिसरी गोष्ट. उलटा बोगदा म्हणजे भिंतीला आतून पाडलेले भोक आहे. त्यातून तुम्ही जाता, तसा दुसराही जाऊ शकतो. शाळेचे जाळे सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्या आणि काम झाले की बोगदा बंद करा.

आता एक काम. दोन मित्रांना बोलवा. एकाबरोबर वरचा खेळ खेळा. संख्या ५ आणि २३ च ठेवा, पण मनातले आकडे तुमचे तुम्ही निवडा. तिसऱ्याला चोर करा. त्याला गुपित काढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. मग २३ च्या जागी १०१ ही मूळ संख्या घेऊन पुन्हा खेळा. चोराचे काम किती वाढले? आणि तुमचे किती वाढले? दोन्ही वेळा शेजारी शेजारी मांडून पाहा. बोगद्याची भिंत कशाची बनलेली आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.