कंपनी, लोकल आणि मधला डबा

“सर, कंपनी डालूं, लोकल डालूं?”

मिस्त्री गाडीखालूनच विचारतात. दिसतात फक्त त्यांचे पाय आणि काळवंडलेल्या चपला. जुन्या हुबळीत, कारवार रोडच्या आतल्या गल्ल्यांमधल्या गॅरेजांत, हा प्रश्न दिवसभर कानावर पडत असतो. कधी दख्खनीत, कधी कानडीत, माझ्यासारखं मराठी घरातलं गिऱ्हाईक असलं तर तिन्ही भाषा मिसळून. शब्द मात्र सगळ्यांचे सारखेच: कंपनी, लोकल, डुप्लिकेट. कित्येक वर्षं मी या प्रश्नाला खिशाकडे बघून उत्तर दिलं. ते का चुकत होतं, हे मला या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून कळलं.

त्या दिवशी माझ्या जुन्या वॅगनआरच्या उजव्या चाकातून खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येत होता. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. चाक आधी वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर संशय बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर जातो. आडवा खेळ असेल तर टाय रॉडवर. दोन्हीकडे चाक घट्ट होतं. मग त्यांनी लोअर आर्म आणि चासी यांच्यामध्ये टॉमी घातली आणि हलकेच उचकटली. आर्मच्या मागच्या बुशचं रबर फाटून उघडं पडलं. त्यांनी मला वाकून बघायला लावलं. दुखणं डोळ्यांनी दाखवल्याशिवाय ते पार्ट आणायला पाठवत नाहीत. माझा त्यांच्यावर जो विश्वास आहे, तो या एका सवयीमुळे.

आता वाटा तीन. कंपनीचा अख्खा आर्म, बुश आणि बॉल जॉइंटसह. दुसऱ्या ब्रँडचा अख्खा आर्म. नाहीतर जुनाच आर्म लेथवाल्याकडे नेऊन प्रेसमध्ये फक्त नवीन बुश दाबून घ्यायचा.

मी दुकानात गेलो. काउंटरवर तीन डबे आले. पहिला गाडीच्या कंपनीचा, होलोग्रामवाला. दुसऱ्यावर पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचं स्वतःचं नाव. तिसऱ्यावर चकचकीत छपाई, पण बनवणाऱ्याचा पत्ता धडपणे वाचता येत नव्हता. त्याचा भाव पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. आपण सगळे पहिल्या आणि तिसऱ्यात अडकतो. खरी ओळख करून घ्यायला हवी ती मधल्या डब्याशी.

गाडीची कंपनी गाडीतले सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. शॉकअब्सॉर्बर, ब्रेक, क्लच, प्लग, फिल्टर, बेअरिंग यांचे वेगळे कारखाने असतात. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉकअब्सॉर्बर बनवते, सुरुवात मुंबईत मुलुंडला झाली. बेंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ची. तिचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी आमचे मिस्त्री प्लगला अजून ‘मायको’च म्हणतात. असे कारखाने गाडीच्या कंपनीला माल देतात आणि आपल्या नावाच्या डब्यातही विकतात. म्हणजे मधल्या डब्यातला पार्ट कित्येकदा पहिल्यातल्या पार्टचा सख्खा भाऊ असतो. कित्येकदा, नेहमी नव्हे. कारखान्याचं नाव मोठं म्हणून त्याचा प्रत्येक पार्ट आपल्याच मॉडेलला मूळचा असतो असं नाही. म्हणून मिस्त्री ब्रँड सांगण्याआधी चासी नंबर विचारतात आणि जुन्या पार्टवरचा नंबर ब्रशने घासून वाचतात.

हा मधला डबा मिळण्याआड एकेकाळी गाडीच्या कंपन्यांचे पार्टवाल्यांशी केलेले करार उभे होते. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. पार्ट बनवणाऱ्यांना खुल्या बाजारात विकण्यापासून अडवू नका, असं आयोगाने बजावलं. बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, हेही सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाची लढाई लांबली. पण गल्लीतल्या मिस्त्रीला चांगला पार्ट मिळावा की नाही, हा प्रश्न एवढ्या वरपर्यंत गेला याचं मला मोल वाटतं. ज्याच्या हातात पार्टच पोचत नाही, त्याचं कौशल्य काय कामाचं?

मी मधला डबा घेऊन आलो. मिस्त्रींनी आर्म बाहेर काढून तळहातावर तोलला. बुशच्या रबरात अंगठा रोवला, कडांवरून बोट फिरवलं. वेल्डिंगची रेघ सलग आहे का ते पाहिलं, बॉल जॉइंट हाताने फिरवून त्याचा घट्टपणा अजमावला. मग म्हणाले, “नडीतैत्री.” चालतंय. हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघत नाही.

लोकलला त्यांचा सरसकट विरोध नाही, हे मला फार आवडतं. वायपरचं ब्लेड, मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक, बंपरच्या क्लिपा, दाराचं हँडल यांत ते स्वतःहून म्हणतात, “लोकल बस, सर. पैसे कशाला घालवता?” हँडल तुटलं तर दारापुढे उभ्या गाडीत तुटतं. हेडलाइटला मात्र थांबा म्हणतात, कारण हलकं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि बसण्याची जागा जरा चुकली तरी झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

ब्रेक पॅडचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो. इथला हाच कारवार रोड कलघटगी, यल्लापूर करत अरबैल घाटातून अंकोल्याला उतरतो. घाटात पाय सारखा ब्रेकवर ठेवला की पॅड तापतात, आणि हलक्या पॅडची पकड उष्णतेनं सुटत जाते. हुबळीच्या बाजारात सिग्नलला तोच पॅड छान लागतो, म्हणून गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. कळतो तो घाटात. पत्र्यावर लायनिंग नीट चिकटवलेलं नसेल तर ते सुटूनही येतं. पॅड बदलताना मिस्त्री तिथली धूळ हवेनं उडवत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असायचं. डब्यावर काही लिहिलेलं नसेल तर आत काय आहे कोण सांगणार? हाताखालच्या पोराला ते यावरून रागावतात, आणि त्यांचं रागावणं मला पटतं.

ऑइल फिल्टर बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आत रबराची एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावर ती तेल फिल्टरमध्येच धरून ठेवते. ती हलकी असेल तर रात्रभर तेल खाली उतरतं आणि सकाळी सुरू करताना इंजिन काही क्षण कोरडं फिरतं. खिशाला लागणारा फरक थोडा असतो, आणि झीज रोज सकाळी होते.

मी स्वतः शिकलो ते क्लचवर. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात क्लच प्लेट चांगली घातली आणि रिलीज बेअरिंग स्वस्तातलं घ्यायचा आग्रह धरला. काही महिन्यांत पेडल दाबलं की किंकाळी येऊ लागली. बेअरिंग मुठीएवढं, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बेअरिंगात वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा दिलेल्या मजुरीपुढे काहीच नव्हते. तेव्हापासून भाव विचारण्याआधी मी विचारतो, हा पार्ट बदलायला काय काय उघडावं लागतं?

गुजरीची वाटही आहे. इथे भंगाराला गुजरी म्हणतात. मारुती ८०० १९८३ साली आली आणि २०१४ मध्ये बंद झाली. अशा जुन्या गाडीचा दरवाजा किंवा बोनेट हवा असेल तर नव्या लोकलपेक्षा गुजरीतला जुना ओरिजिनल बरा, असं मिस्त्री म्हणतात. पत्रा जाड, बिजागरी नेमकी बसते. रबर, बेअरिंग, ब्रेक मात्र ते गुजरीतून कधीच घेऊ देत नाहीत.

संध्याकाळ होत आली. पलीकडच्या गाडीचा होलोग्रामवाला रिकामा डबा मिस्त्रींनी कात्रीनं चार तुकडे करून तेलाच्या टबात टाकला. अखंड डब्याला गिऱ्हाईक असतं, त्यात डुप्लिकेट भरून तो पुन्हा काउंटरवर येतो.

माझा आर्म बसला होता, पण बोल्ट अजून सैल होते. पोरानं पाना उचलला तसं त्यांनी त्याचा हात धरला. चाक लटकतं असताना बुशचे बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबराला पीळ बसतो, आणि कंपनीचा बुशही लवकर फाटतो. जॅक उतरला. गाडी चाकांवर टेकली. त्यांनी बोनेटवर दोन्ही हात ठेवून तिला तीन-चारदा दाबलं, हलू दिलं, स्थिरावू दिलं. मग पाठीखाली पोतं सरकवून ते गाडीखाली गेले.

“आता पाना दे,” आतून आवाज आला.