परदेशाहून परतलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी : घानाचे उदाहरण

आफ्रिकेतील मनुष्य शिक्षणासाठी किंवा अर्थार्जनासाठी परदेशी जाऊन परत आला म्हणजे स्वदेशीय समाज त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘जुन्या-नव्या संस्कृतींचा संघर्ष’ या एकाच सूत्रात गुंफली जाते. परतलेला पाश्चात्त्य बनलेला असतो, घरची माणसे परंपरानिष्ठ असतात, आणि म्हणून खटके उडतात, असे हे सूत्र होय. ते अगदीच खोटे नाही. परंतु त्याने फारसे काही उलगडतही नाही. एकाच देशात, अवघ्या तीन-चार दशकांत, एका परतलेल्याचा राजासारखा सत्कार होतो, दुसऱ्याची टवाळी होते आणि तिसऱ्याला निमूटपणे घरात घेतले जाते, ते का? प्रस्तुत लेखकाच्या मते त्या मनुष्याचे जाणे कोणाच्या खर्चाने झाले आणि परतल्यावर तो कोणाचे देणे लागत होता, हे आधी पाहावयास हवे. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

इंग्लंड-अमेरिकेस जाऊन आलेल्या सुशिक्षितास पश्चिम आफ्रिकेच्या इंग्रजीत ‘बीन-टू’ म्हणत. ‘जाऊन आलेला’ एवढाच त्याचा शब्दार्थ. परंतु आपल्याकडे ‘विलायतेहून आलेला’ म्हणताना जसा केवळ प्रवासाचा निर्देश अभिप्रेत नसे, तसा हाही शब्द प्रथम प्रतिष्ठेचा आणि पुढे पुढे उपहासाचाही वाचक झाला. घाना ही गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत असताना असे लोक मोजकेच होते. जेम्स ॲग्रे १८९८ मध्ये अमेरिकेस गेले, ते पुढे १९२४ मध्ये आचिमोटा येथील विद्यालयाचे उपप्राचार्य नेमले गेले. क्वामे एन्क्रुमा १९३५ मध्ये अमेरिकेस गेले, १९४७ च्या अखेरीस परतले आणि ६ मार्च १९५७ रोजी त्यांच्याच नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. अशा पुरुषांच्या बाबतीत परदेशगमनाचे फळ साऱ्या समाजाच्या पदरात पडले, असे लोकांस वाटणे स्वाभाविक होते. स्वातंत्र्याच्या सुमारास गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या होऊ लागल्या, आणि त्या जागांबरोबर त्यांचे बंगले, वेतनश्रेणी व मोटारीच्या सवलतीही परदेशी पदवीधरांच्या वाट्यास आल्या. विमानातून उतरणारा तरुण एका रात्रीत वरच्या वर्गात जाऊन बसे.

या पदवीचा खर्च कोणी सोसला? घानातील सर्वांत मोठा जनसमूह जो अकान, तो मातृवंशीय आहे. (एवे आणि इतर काही समूहांत वंश पित्याकडून चालतो, हे विसरून चालणार नाही.) अकान पुरुषाची स्वतःची मुले त्याच्या कुलात, म्हणजे ‘अबुसुआ’त, गणली जात नाहीत; बहिणीची मुले गणली जातात. भाच्याच्या शिक्षणाचा भार मामाने उचलावा, आणि भाच्याने पुढे तीच वाट आपल्या भाच्यांसाठी मोकळी करावी, ही रीत. मनुष्याने स्वकष्टाने मिळविलेली संपत्तीदेखील, तो मृत्युपत्र न करता वारल्यास, रूढीप्रमाणे कुलाकडे जात असे. १९८५ च्या वारसा कायद्याने यात बदल करून पत्नी व मुले यांना मोठा वाटा दिला. तेव्हा परतलेल्या पदवीधराच्या वेतनावर मावश्या आणि भाचे हक्क सांगू लागले, तर त्यास निव्वळ लोभ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यांच्या दृष्टीने ते कुलाच्या ठेवीवरील व्याज होते. परतलेला मात्र तेच वेतन आपल्या गुणांचे पारितोषिक समजे.

या काळातील ललित साहित्यात हा व्यवहार विलक्षण स्पष्टपणे उमटला आहे. शेजारच्या नायजेरियातील चिनुआ अचेबे यांच्या ‘नो लाँगर ॲट ईझ’ (१९६०) या कादंबरीत गावकऱ्यांचा संघ वर्गणी काढून ओबी या तरुणास आठशे पौंडांचे शिक्षणऋण देतो. त्याने कायदा शिकावा, म्हणजे गावाच्या जमिनींचे खटले तो लढवील, हा संघाचा हिशेब. तो शिकून येतो इंग्रजी वाङ्मय. सत्कारास तो साध्या सदऱ्यात येतो आणि साधे इंग्रजी बोलतो, तेव्हा सभेचा विरस होतो. येथे मातृवंश नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इग्बो समाज पितृवंशीय आहे. ऋणाचे नाते कुलाऐवजी गावाशी जडले, इतकेच.

अयी क्वेई आर्मा यांची ‘फ्रॅगमेंट्स’ (१९७०) ही कादंबरी याहून कडवट आहे. नायक बाको पाच वर्षांनी अमेरिकेतून परततो, तो मोटार न आणता. त्याच्याच विमानातून आलेल्या दुसऱ्या एका ‘बीन-टू’चे नातलग विमानतळावर केवढा जल्लोष करतात! बाकोच्या आईने मुलाच्या भरवशावर घराचे बांधकाम सुरू केलेले असते. ते अर्धवटच राहते. बहिणीच्या नवजात मुलास बाहेर काढण्याचा विधी, आहेर अधिक यावा म्हणून, पगाराचा दिवस पाहून वेळेआधीच उरकला जातो आणि ते मूल दगावते. हे मूल बाकोच्या बहिणीचे, म्हणजे मातृवंशाच्या नियमाने त्याचा वारस आहे. हे ठाऊक नसलेल्या वाचकास या प्रसंगाचे मर्म अर्धेच कळेल. अखेर बाकोची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. आर्मा स्वतः हार्वर्ड येथे शिकलेले. तेव्हा ही कादंबरी पुरावा म्हणून वाचताना ती एका अर्थी आरोपीचीच जबानी आहे, हे विसरू नये.

फिर्यादीची बाजू ऐकावयाची तर अमा अटा आयडू यांच्या ‘द डिलेमा ऑफ अ घोस्ट’ (१९६५) या नाटकाकडे वळावे. लेगॉन येथील विद्यापीठात शिकत असताना लेखिकेने ते लिहिले. आटो नावाचा तरुण अमेरिकेतून कृष्णवर्णी पत्नी घेऊन येतो, तीही घरी न कळविता. त्याच्या शिक्षणापायी झालेले कर्ज आता फिटेल या आशेवर कुटुंब बसलेले असते. सून गुलामांच्या वंशातली निघाल्याने घर हादरते. जिला कुळच नाही तिची मुले कोणत्या अबुसुआत जावयाची? शिवाय संतती लांबणीवर टाकण्याचा निर्णय दोघांचा असूनही आटो घरच्यांस ते सांगत नाही, आणि वांझपणाचा बोल तिच्या माथी येतो. शेवटी आई सुनेस घरात घेते. मुलगा अंगणात उभा राहतो. आईचा राग परकेपणावर नसून मुलाच्या मौनावर आहे, असे माझे वाचन आहे.

याच्या अगदी उलट प्रसंग १९८३ चा. त्या जानेवारीत नायजेरियाच्या सरकारने परवान्याविना राहणाऱ्या परकीयांस दोन आठवड्यांत देश सोडण्याचा हुकूम दिला. (१९६९ मध्ये घानाने नायजेरियनांसह अनेक परकीयांस असाच हुकूम दिला होता.) तेलाच्या भरभराटीमुळे तिकडे गेलेले सुमारे दहा लाख घानावासी चौकड्यांच्या स्वस्त पिशव्यांत संसार भरून परतले; त्या पिशव्यांस ‘घाना मस्ट गो’ हे नाव कायमचे चिकटले. मायदेशी त्या वर्षी अवर्षण, वणवे आणि तीव्र अन्नटंचाई होती. तरीही काही आठवड्यांत बहुसंख्य लोक आपापल्या गावी, नातलगांत सामावले गेले. हे परतणारे कोणाच्या वर्गणीवर गेलेले नव्हते. त्यांच्याकडून येणे असे काही नव्हतेच. कुलाचा नियम येथे दुसऱ्या बाजूने लागू पडला : ज्याच्यापाशी काही नाही त्यास पान वाढावयाचे.

पश्चिम जर्मनीस गेलेल्यांची गोष्ट निराळी. ‘बोर्गा’ या त्यांच्या नावाचे मूळ हॅम्बुर्ग शहराच्या नावात सांगतात, आणि जर्मनीतील घानावासी वादकांनी १९८० नंतर रूढ केलेल्या संगीतासही ‘बर्गर हायलाइफ’ हेच नाव पडले. कारखान्यात किंवा उपाहारगृहात झाडलोट करणारा हा मनुष्य सुटीत घरी येई तो सोन्याची साखळी घालून. लोक त्याचा हेवा करीत, पाठीमागे नक्कल करीत आणि समोर मदत मागत. त्याच्यापाशी पदवी नसल्याने सरकारी बंगला त्यास कधीच मिळावयाचा नव्हता. प्रतिष्ठा त्यास स्वतःच उभारावी लागे, आणि तीही दुरून. २००२ पासून अशा लोकांस परदेशी नागरिकत्व राखूनही घानाचे नागरिक राहण्याची सोय झाली. घर नसताना कायमचे परतणे हे मात्र लाजिरवाणेच मानले जाते. म्हणून बोर्गा परतण्यापूर्वी वर्षानुवर्षे भावाकडे किंवा मामेभावाकडे सिमेंट-विटांचे पैसे धाडीत राहतो; आणि घर पुरे होते तेव्हा, ते त्याचे की अबुसुआचे, हा प्रश्न पुष्कळदा त्याच्याआधीच तेथे राहावयास आलेला असतो.