डर्टी काऊ: नऊ वर्षे उघडी राहिलेली फट

लिनक्समध्ये कोणी कोणती फाइल वाचायची आणि कोणी बदलायची, हे त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो. सर्वाधिकारी ‘रूट’ आणि साधा वापरकर्ता यांच्यात तोच उभा असतो. त्यामुळे चूक कर्नलमध्येच असली, की वरची सगळी राखण निरुपयोगी ठरते.

ऑक्टोबर 2016 मध्ये उघड झालेली ‘डर्टी काऊ’ ही अशीच त्रुटी. एखादी फाइल फक्त वाचण्याची मुभा असलेला प्रोग्रॅम मेमरीत तिच्यावर लिहू लागला, की कर्नल मेमरीतल्या त्या तुकड्याची, म्हणजे पानाची, वेगळी प्रत करून देतो. तलाठ्याने मूळ नोंद दप्तरातच ठेवून नक्कल हाती द्यावी, तसे. पण प्रत करणे आणि तिच्यावर लिहिणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. नेमक्या मधल्या क्षणी त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे सोबतच चालणाऱ्या दुसऱ्या भागाने, ‘प्रत नको’ असे कळवले, तर ती टाकून दिली जाई आणि कर्नल थेट मूळ पानावर लिही. हा क्षण सहज साधत नाही. मात्र संगणक न थकता पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मग पासवर्डची फाइल किंवा रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम बदलून सर्वाधिकार मिळवता येत.

हा दोष या रूपात 2007 पासून कर्नलमध्ये होता. मुळातल्या चुकीवर त्याच्याही आधी, 2005 मध्ये, आपणच एक दुरुस्ती केली होती, पण ती नीट नव्हती आणि पुढे मागे घेतली गेली, हे लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी नव्या दुरुस्तीसोबत स्पष्ट नोंदवले. मला हा प्रांजळपणा फार मोलाचा वाटतो. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच, त्यामुळे फोनही धोक्यात होते. आणि जुन्या फोनांपैकी अनेकांपर्यंत दुरुस्ती पोहोचलीच नाही.